दाबाची दिशा

दुसरा ठोकळाही वेळेआधीच नमला. दाबयंत्राच्या पडद्यावरची रेघ थोडी चढली, आडवी पडली आणि मग एकदम उभी सुटली.

हेमलता खुर्चीत मागे टेकली. चार वर्षं ती एकच गोष्ट सांगत आली होती. ऐकून ऐकून प्रयोगशाळेतले मदतनीस कौतिक नाना यांनाही ती पाठ झाली होती. मॅग्नेशियमच्या लाटलेल्या पत्र्यातले स्फटिक बहुतेक एकाच बाजूला तोंड करून असतात. जाडीच्या दिशेनं दाबले तर हटून बसतात. आडव्या बाजूनं दाबले की लवकर नमतात. स्फटिकाचा काही भाग जवळजवळ काटकोनात कूस बदलतो आणि त्याच्याच पोटात त्याचं जुळं तयार होतं. सगळ्यांची कूस बदलून झाली की धातू पुन्हा ताठ होतो.

आज अशाच पत्र्यातून कापलेले दोन्ही ठोकळे, त्यांच्यावरचे जाडीची दिशा दाखवणारे बाण पाहून, जाडीच्या दिशेनंच दाबले होते. तरी नमले.

तिचे मार्गदर्शक लोढा सर यांनी बाण नीट काढलेत ना, असं विचारलं. स्वतः काढलेत, ती म्हणाली. मग सर म्हणाले, हे प्रकरण प्रबंधातून काढून टाकू. सोमवारी द्यायचाय, उगाच वाद नको. तिनं मान हलवली. डोळे भरून आले होते.

यंत्राशेजारी उभे नाना हे सगळं ऐकत होते. दसऱ्याची यंत्रपूजा दरवर्षी त्यांचीच, आणि नानांची पूजा म्हणजे आधी सगळं लख्ख. यंदा ठोकळेही त्यांनी स्पिरिटनं असे घासले की बाण गेले. घाबरून त्यांनी मार्करनं नवे काढून ठेवले. निवृत्तीला दोन महिने उरले होते. गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"ताई," नाना म्हणाले, "त्या बाण मीच काढेल शेतस. पूजाना येळे पुसाई गयात. मंग अंदाजे काढात."

"बठ्ठा? सगळ्याच ठोकळ्यांवरचे?" हेमलतानं विचारलं.

"बठ्ठा."

सर लालबुंद झाले. नानांनी मान खाली घातली. हेमलता मात्र पडद्याकडेच पाहत होती. आडव्या बाजूनं दाबल्यावर रेघ जशी यायला हवी, नेमकी तशीच आली होती. उरलेल्या दहा ठोकळ्यांची दिशा क्ष-किरणांनी कळेल, असं तिनं सरांना सांगितलं आणि नानांसाठी स्टूल ओढलं.

"नाना, ठोकळ्यांनी तुमच्या आधीच खरं सांगितलं होतं," ती म्हणाली. "आम्हीच मानलं नाही."