घरची काडतुसं

अमेरिकेतल्या अर्विंगच्या शूटिंग रेंजवर, यतीनसमोरच्या टेबलावर पन्नास काडतुसं होती. सगळी त्यानेच रिकाम्या पुंगळ्यांत घरी पुन्हा दारू भरून तयार केलेली.

"यतीनदादा, सेफ आहेत ना?" नागपूरहून नुकत्याच आलेल्या परीक्षितने बिचकत विचारलं.

"अरे, प्रत्येकात दारू मोजून भरलीय. इंजिनिअर ना तू? घाबरतोस काय!"

ओशाळून परीक्षितने दहा गोळ्या झाडल्या.

मग यतीनची कॉलेजात शिकणारी लेक पुढे झाली. "बाबा, माय टर्न!"

यतीनने बॅगेतून दुकानातल्या काडतुसांचा सीलबंद डबा काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

"व्हाय नॉट युअर्स, बाबा?"

यतीनला परीक्षितकडे बघवेना.



टेबलावर त्याची चाळीस काडतुसं उरली होती.