आता काहीही चालेल

"आता त्यांना जे आवडेल ते खाऊ द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बोलल्या पेशंटच्या बायकोशी, पण नजर टेबलावरच्या पेनावर होती.

नवरा शर्टाची बटणं लावत होता. त्याचा चेहरा फुलला. "ऐकलंस? सुटलो बाबा एकदाचा! आणि गोळ्यासुद्धा कमी केल्या, बघ."

बायकोने मान हलवली. खुर्चीचा हात तिने इतका घट्ट धरला होता, की उठताना तो सोडायचंही भान राहिलं नाही.

त्याचा आजार कळला तेव्हा औषधांवर डॉक्टरांचं राज्य तिने मान्य केलं होतं, पण ताटावर स्वतःचं ठेवलं होतं. घरात येईल ते सेंद्रियच, फवारा न लागलेलं. त्यासाठी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बस बदलून जावं लागे. पिशवी जड झाली की ती हात बदले, पण घराच्या कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे मान वळवत नसे. नवरा जन्मभर बस चालवलेला माणूस. थांब्याथांब्यावर मिळेल ते खाऊन वाढलेला. तिच्या पिशवीतली वाकडी गाजरं आणि भोकं पडलेली कोबीची पानं बघून तो म्हणे, "आधी अळ्यांची पंगत उठते, मग आपली बसते!" पण खायचा. कुरकुरत का होईना, सगळं खायचा. तो खातोय, म्हणजे आतलं काहीतरी हरतंय, असा तिचा हिशेब होता.

आता टॅक्सी घराच्या वळणावर आली आणि त्याने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "जरा थांबव रे. अगं, ती द्राक्षं बघ. कशी चकाकतायत! घे ना."

ती उतरली.

फळवाला तिला बघून हसला. बऱ्याच दिवसांचं उट्टं काढायची वेळ आली होती. "या, या वहिनी! शेवटी आलात ना आमच्याच दारी? मी तेव्हाच सांगत होतो, ही सेंद्रिय-बिंद्रिय सगळी थेरं आहेत. आमचा माल खाऊन आजवर कुणी दगावलंय का?"

ती घोस निवडू लागली. मोठमोठे, एकसारखे मणी. कुठे डाग नाही, सुरकुती नाही. देठाशी मात्र पांढुरकी पूड बसलेली. दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती पूड तिने फळवाल्याच्या नाकासमोर धरली असती.

"दादा बरे झाले वाटतं?" फळवाल्याने टॅक्सीकडे बघून हात हलवला. आतून नवऱ्यानेही हलवला.

"हो. डॉक्टर म्हणाल्या, आता काहीही खाल्लं तरी चालेल."

फळवाल्याचा हात तराजूवरच थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग टॅक्सीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. द्राक्षं त्याने मुकाट्याने पिशवीत भरली आणि ती पिशवी तिच्या हातात न देता स्वतः जाऊन नवऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"गोड आहेत, दादा," तो म्हणाला. आणि दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं असूनही टॅक्सी हलेपर्यंत तिथेच उभा राहिला.

घरी आल्यावर नवरा स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी बसला. तिने नळाखाली द्राक्षं धुतली. एकदा धुतली, पुन्हा धुतली, मग मिठाचं पाणी करायला भांडं काढलं.

"अगं, पुरे आता! रंग जाईल त्यांचा."

तिने भांडं परत ठेवलं आणि ताटली त्याच्यासमोर सरकवली.

त्याने एक मणी तोंडात टाकला. डोळे मिटून चघळला. दुसराही खाल्ला. तिसरा मात्र गालातच फिरत राहिला. उपचार सुरू झाल्यापासून त्याला सगळंच लोखंडासारखं लागत होतं, हे तिला ठाऊक होतं.

"कशी आहेत?"

"एक नंबर," तो म्हणाला. "नाहीतर तुझी ती मागची आंबटढोण! एक खाल्लं की कानशिलं ठणकत होती."

ती हसली. हसू येईल असं तिला वाटलं नव्हतं. ती त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसली. इतके दिवस तो तिच्या हट्टापायी बेचव खात आला, आता निदान सोबत तरी करावी, म्हणून तिने ताटलीतला एक मणी उचलला.

त्याने तिचं मनगट धरलं. त्या हातात आता फारशी ताकद उरली नव्हती, तरी तिचा हात वाटेतच थांबला.

"तू नको."

"का? तुम्हाला चालतं, मग मला..."

"फवारलेली असतात ती," तो म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती. "तू आपली तुझीच खात जा. पुढेही. एकटीसाठी कुठे एवढ्या लांब जायचं, असं म्हणून टाळायचं नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. दवाखान्यात बटणं लावताना फुललेला त्याचा चेहरा आता तिला नीट वाचता आला.

त्याच्या गालात आधीचा मणी तसाच होता. तिच्या बोटांतला मणी त्याने हळूच काढून घेतला आणि तोही आपल्याच तोंडात टाकला.