गुडघे ऐकत नाहीत

"हललास तर बघ!" आई म्हणाली.

शिपाई ताठ उभा. छातीवर शौर्यपदक. आईचं इस्त्रीचं दुकान, त्यामुळे वर्दीची घडी अशी की तिच्यावर भाजी चिरावी. फोटोवाल्यानं उजेडासाठी ठेवलेल्या दारूच्या पुडीची वात पेटवली. वात सुरसुरली, आणि शिपाई सपकन खाली बसला. मग भक्कन उजेड पडला.

"आली परत नुसती भिंत!" फोटोवाला करवादला. "फोटोच्या दोन काचा वाया गेल्या. आता एकच उरलीये."

शिपायाचे कान लाल झाले. "दीड वर्षं खंदकात काढली गं, आई. असा आवाज आला की गुडघे माझं ऐकतच नाहीत."

"मग पदक कशाचं दिलं रे? उठाबशांचं?" मावशी फिदीफिदी हसली.

"काही नाही गं. आपल्याच दोघांना खाली पाडलं."

"एवढंच? शाळेत तर रोज पाडायचास, तेव्हा मास्तर छडी द्यायचे!"

आई हसली नाही. संध्याकाळच्या गाडीनं पोरगा परत खंदकात जायचा होता. दुकानात तिनं सकाळीच खिळा ठोकून ठेवला होता. हा परत कधी येईल देव जाणे, तोवर त्या खिळ्यावर काहीतरी हवं.

"सरक," ती म्हणाली. "मी उभी राहते शेजारी. हात धरून ठेवते. बघतेच कसा बसतोस ते."

फोटोवाल्यानं कॅमेऱ्याची मान खाली वाकवली. "बसला तर बसलेलाच घेतो. माझ्या बापाचं काय जातंय!"

वात सुरसुरली.

पापणी लवायच्या आत आई सतरंजीवर आडवी, आणि शिपाई तिच्यावर पालथा, दोन्ही हातांनी तिचं डोकं झाकून. मावशीचं हसू तोंडातच अडकलं. खाली आईला मात्र असं हसू फुटलं, असं फुटलं, की वरचा शिपाईही गदगदा हलायला लागला. भक्क!

गाडीच्या आधी फोटो हातात आला. शिपायाची रुंद पाठ, आणि त्याच्या काखेखालून आईचा खिदळणारा चेहरा.

मावशीनं तो उलटासुलटा करून पाहिला. "अगं, पण यात पदक कुठंय?"

आईनं बरगडी चोळली.

"हे काय, इथं. अजून टोचतंय."