तांदळातले देव

निफाडला न्यायला गाडी सकाळीच येणार होती आणि धर्मराज अजून बोलले नव्हते.

बोलायचं होतं ते एवढंच, 'नंदिनी, आपण इथंच राहूया का?' हे वाक्य त्यांनी दाढी करताना आरशाला म्हणून पाहिलं. पांघरुणांच्या घड्या घालताना पुन्हा म्हणून पाहिलं. दर वेळी ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं. त्यांची सगळी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात गेली. तिथं हळू बोलायचं असतं. धर्मराज घरीही तसेच बोलत, आणि महत्त्वाचं असेल ते बहुधा बोलतच नसत.

सारसोळ्यातला हा वरचा मजला वामन आणि गोजरा या कोळी नवरा-बायकोनं सुटीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी बांधला होता. खिडकीतून खाडी दिसे. निफाडच्या थंडीत नंदिनीचे गुडघे असे धरत, की दुपारपर्यंत तिला अंथरुणातून उठता येत नसे. डॉक्टर म्हणाले, हिवाळा समुद्राकडे काढा. म्हणून दोघांनी हे घर सबंध हिवाळ्यासाठी भाड्यानं घेतलं. होळीपर्यंत.

आल्या दिवशी नंदिनीनं पिशवीतून सगळ्यात आधी पितळी डबा काढला. डब्यात तांदूळ होते आणि तांदळात देव. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक. ही तिच्या सासूबाईंची रीत. लांब जायचं झालं की देव तांदळात ठेवायचे, म्हणजे ते उपाशी राहत नाहीत. घरी परतल्यावर त्यांना आंघोळ घालून जागेवर बसवायचं आणि त्याच तांदळाचा भात करून नैवेद्य दाखवायचा.

"इथं मांडायचे का?" धर्मराजांनी कोनाड्याकडे बोट केलं. तिथं पाहुण्यांसाठी ठेवलेली प्लॅस्टिकच्या सूर्यफुलांची फुलदाणी होती.

"अहो, काहीतरीच! आपण प्रवासात आहोत. देव मांडले की ते घर होतं."

फुलदाणी जागच्या जागी राहिली. नंदिनी रोज डब्यालाच हात जोडू लागली. एकदा ऐन जेवणाच्या वेळी घरातले तांदूळ संपले. धर्मराजांनी डब्यातले मूठभर घेऊया म्हणताच ती केवढ्यांदा तरी ओरडली, "हात लावू नका! ते घरी पोचल्यावरचे तांदूळ आहेत!" त्या दिवशी दोघं पोहे खाऊन झोपले.

पण हिवाळाभर इतर गोष्टी बदलत गेल्या. पहिल्या आठवड्यात जिन्यात दोनदा बसणारी नंदिनी गोजराबरोबर जेटीपर्यंत जाऊ लागली. तिथल्या बायकांत बसून हसू लागली. तिचं असं हसणं धर्मराजांनी निफाडच्या घरात फार वर्षांत ऐकलं नव्हतं. मुलगी सासरी गेल्यापासून तिथं दोघं दोन खोल्यांत गप्प बसत. इथं वामन त्यांना होडीतून खाडीत नेई. इंजिनाच्या आवाजात हळू बोलून चालत नसे. पहिल्या दिवशी वामन ओरडला, "सर, पोटातून बोला! मासं पलनार नाय!" हळूहळू धर्मराज होडीत चक्क मोठ्यानं बोलू लागले. काठावर उतरले की आवाज पुन्हा खाली येई.

आता गुडघे बरे होते. थंडी सरली होती. मग कोणत्या तोंडानं थांब म्हणायचं? निफाडचं घर तिनं सासूबाईंच्या हातून घेतलं होतं. तुळशीपासून माळ्यापर्यंत ते तिनंच सांभाळलं होतं. ते सोड म्हणण्याचा आपल्याला काय हक्क? आपल्याला होडी आवडते, एवढाच?

खाली हॉर्न वाजला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. वाटेत खायला दहीभात करत असणार. धर्मराजांनी बॅग उचलली. जिन्यात सूर्यफुलांची फुलदाणी ठेवलेली दिसली. ज्याचं त्याला परत करून निघायची नंदिनीची सवय. ते फुलदाणीच्या कडेनं खाली उतरले.

खाली गोजरा गाडीपाशी उभी होती. "सर, जाताव का खरंच? आता ते शनवार-रविवारवाले येतील. रातभर नाचतील, बाटल्या टाकून जातील. काकीशिवाय मना जेटीवर करमनार हाय का?"

"काकीला विचारायला हवं," धर्मराज पुटपुटले.

"मंग विचारा ना! तोंड हाय ना तुमाला?"

धर्मराजांनी बॅग खाली ठेवली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहिले. वर जाईपर्यंत धीर टिकणार नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी छाती भरून घेतली आणि होडीत बोलत तसे, पोटातून ओरडले.

"नंदिनी! आपण इथंच राहूया का?"

ड्रायव्हरनं दचकून मान बाहेर काढली. जाळं विणणारा वामन विणायचा थांबला. वर काहीच हललं नाही. धर्मराजांना वाटलं, संपलं. बोललो तेही सगळ्या आळीला ऐकू जाईल असं.

मग नंदिनी जिन्याच्या तोंडाशी आली. हात ओले होते, कपाळावर नुकतं लावलेलं कुंकू होतं. तिच्यामागून उदबत्तीचा वास खाली उतरत होता.

"ओरडताय काय एवढं?" ती म्हणाली. "त्या ड्रायव्हरलाही वर घेऊन या जेवायला. डब्यातले तांदूळ मी मघाशीच कुकरला लावलेत."