सुरक्षित विद्यार्थी

मोबाइलवर सावध कसं राहायचं, हे तिसरीच्या वर्गाला आठवडाभर शिकवून बाईंचा घसा पार बसला होता. "नाव, पत्ता, फोटो मागेल त्याला द्यायचा नाही. समोरचा घाई करत असेल तर नाहीच नाही! घरी आईबाबांना सांगायचं, शाळेत हात वर करून मला," हे त्यांनी इतक्यांदा घोकून घेतलं होतं, की शेवटच्या बाकावरचा कुंभकर्णसुद्धा झोपेत बडबडला असता.

शनिवारी ऑफिसातून निरोप आला. 'सुरक्षित विद्यार्थी' प्रमाणपत्रासाठी प्रत्येक मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, घराचा पत्ता आणि फोटो अकराच्या आत लिंकवर भरा. बाईंनी कपाळाला हात लावला आणि मुकाट्याने मुलांना कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं. पावणेअकरापर्यंत एक्केचाळीस जणांचं भरून झालं. राहिली एकटी चिमणी. ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

"अगं, भर की पटकन! सगळ्यांनी भरलं, तुझ्या एकटीपायी अख्ख्या वर्गाचं घोडं अडलंय," बाई वैतागल्या. "पत्ता येत नाही का तुला?"

"येतो."

"मग सांग, मी टाइप करते. चल, लवकर."

चिमणीने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग बाईंकडे. आणि शिकवलं होतं तसा हात वर केला.

 

"बाई, मला कुणीतरी पत्ता विचारतंय. आणि घाई पण करतंय."