बस, बेटा

"बस, बेटा," प्राचार्य कमलाकांत सर म्हणाले.

"उभीच बरी आहो सर," चारुता म्हणाली.

केबिनमधल्या मोकळ्या खुर्चीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. निवडणुकीत उभं राहिलेल्याला बसवतात, हे अमरावतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि चारुता तर बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. एकदा का या खुर्चीत बसलं आणि समोर चहा आला, की माणूस उठतो तो अर्ज मागे घेऊनच.

शेजारच्या खुर्चीत श्रेयस आधीच ऐसपैस बसला होता. विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षपदाला दोनच अर्ज आले होते, एक त्याचा, एक तिचा. त्याचे काका संस्थेचे उपाध्यक्ष. सकाळपासून तो तिला 'ताई' म्हणत होता, तेव्हाच तिनं ओळखायला हवं होतं.

"आपल्या कॉलेजची बिनविरोधाची परंपरा आहे, बेटा," सर म्हणाले. "भांडणं नाहीत, गटबाजी नाही. तुझा मान आम्ही ठेवूच ना. सांस्कृतिक विभाग घे. रांगोळी-बिंगोळी सगळं तुझ्याकडे."

"मले रांगोळी येत नाही सर."

श्रेयस हसला. सर हसले नाहीत.

"मग तुला हवंय तरी काय?"

"पोरीईची कॉमन रूम. तिथं गॅदरिंगच्या खुर्च्या कोंबून कुलूप लावलं. मोझरीच्या, नांदगाव पेठच्या पोरी सकाळच्या एसटीनं येतात अन् जिन्यावर बसून डबा खातात. आमाले बसाले जागा नाही सर. म्हून तं उभी राहिली मी."

"एवढंच ना? श्रेयस करून देईल."

"तो मांगच्या वर्षीबी होता परिषदेत. विचारा बरं त्याले, खोली कोनत्या मजल्यावर हाये?"

श्रेयसनं खिशातून मोबाइल काढला आणि त्यात काहीतरी फार महत्त्वाचं आल्यासारखं पाहू लागला. सरांनी बेल दाबली आणि सीमाला बोलावून आणायला सांगितलं.

सीमा मोझरीची, चारुताच्या वर्गातली, तिची जिवाभावाची मैत्रीण आणि तिच्या अर्जावरची सूचक. सूचकाच्या सहीशिवाय अर्ज म्हणजे नुसता कागद. सही करताना तीच म्हणाली होती, "तू उभी राह्य वं, आमी आहो ना तुयाबरोबर."

सीमा आत आली.

"बस, बेटा," सर म्हणाले, आणि सीमा बसली.

त्याच मोकळ्या खुर्चीत.

"तुझी हजेरी कमी दिसते," सर म्हणाले.

"एसटी उशिरा येते सर. पहिला तास बुडते."

"हो, हो. बघू आपण त्याचं. परीक्षेला बसायचंय ना तुला?"

सीमानं मान हलवली.

"मग एवढंच सांग. आज छाननी आहे. या अर्जावर सूचक म्हणून जी सही आहे, ती तुझी का?"

अर्ज टेबलावरून सरकत सीमापुढे आला. ती त्या कागदाकडेच पाहत राहिली. शेजारी उभ्या असलेल्या चारुताकडे मात्र तिनं मान वळवली नाही.

"नाही सर."

"सीमे!" चारुता ओरडली. "काहून खोटं बोलतं वं?"

"आवाज खाली," सर म्हणाले. त्यांनी अर्जावर 'बाद' असं लिहिलं, खाली सही ठोकली आणि सीमाला बाहेर जायला सांगितलं. श्रेयसनं उठून सरांच्या पाया पडून घेतलं.

चारुताला टेबलावरचा पेपरवेट उचलून भिंतीवर मारावासा वाटला. मतांनी हरली असती तर तिला चाललं असतं. घरी जाऊन रडली असती, दुसऱ्या दिवशी श्रेयसचं अभिनंदनही केलं असतं. इथं एक मत पडलं नव्हतं आणि सगळे कसे गोड बोलत होते. भांडावं तरी कुणाशी?

"आता तरी बस," सर म्हणाले. "चहा घे." हे ते अगदी मायेनं म्हणाले, आणि तिला त्याचाच जास्त राग आला.

ती बाहेर पडली. जिन्यावर रोजच्यासारख्या पोरी डबे उघडून बसल्या होत्या. सीमा सगळ्यात खालच्या पायरीवर होती, डबा उघडा आणि पोळी तशीच. चारुताला पाहून ती बाजूला सरकली.

"ये ना वं," ती कशीबशी म्हणाली. "बस."

चारुताच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं, पण तेवढ्यात वरून शिपाई सहदेवकाकांची हाक आली.

"उठा वं पोरीहो, उठा! खुर्च्या जाऊ द्या!"

कॉमन रूमचं कुलूप निघालं होतं. दुपारी श्रेयसचा सत्कार होता. पोरी डबे हातात घेऊन भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या आणि एकात एक बसवलेल्या लाल खुर्च्यांच्या थप्प्या त्यांच्या नाकासमोरून खाली मैदानात गेल्या. कुणाच्या तरी डब्यातलं वरण जिन्यावर सांडलं.

"झालं," शेवटची थप्पी उतरवत काका म्हणाले. "बसा आता."

पोरी एकेक करून बसू लागल्या. सीमाही बसायला वाकली. चारुता भिंतीला पाठ लावून तशीच उभी होती. सीमानं तिच्याकडे पाहिलं, डब्याला झाकण लावलं आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.