आत यायची वाट

बिबट्या घरामागच्या वाडीत होता आणि उमाजी संडासात.

दोघांच्या मध्ये टिनाचं दार होतं. दाराची कडी दिवाळीपासून तुटलेली, आणि "उद्या बसवतो" असं उमाजी तेव्हापासून रोज म्हणत होता. आता त्याने गळ्यातल्या दुपट्ट्याचं एक टोक कडीच्या भोकात अडकवलं होतं आणि दुसरं दोन्ही हातांनी ओढून धरलं होतं. वर छत नव्हतं. ते वादळात उडून मुखरूच्या शेतात पडलं होतं, आणि मुखरू म्हणत होता की आता ते शेताचं झालं.

झिंगी जामाच्या झाडावर होती.

झिंगी म्हणजे मांजर. हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच. उमाजीची पोरगी भाग्यश्री लग्न होऊन बल्लारपूरला गेली. सासूला मांजर खपत नव्हतं. निघताना पोरगी बापाच्या गळ्यात पडून रडली, पण ती मांजरीसाठी. "बाबा, झिंगीले सांभाळजा." आणि त्याच सुमारास बिबट्याने गावात कामाला सुरुवात केली. आधी कोंबड्या नेल्या, मग कुत्री, मग मुखरूची शेळी. लहानाकडून मोठ्याकडे, शाळेत शिकवतात तसं. मांजरी मधल्या मध्ये कधी संपल्या ते कळलंही नाही. झिंगी तेवढी उरली.

उमाजी ढिवर. जन्म तलावावर गेलेला. त्याने मोठ्या माशांचं दुपदरी जाळं काढलं आणि अख्ख्या वाडीला लावलं. चारही बाजूंनी, आणि वरून जामाच्या शेंड्यावरूनही. एकच तोंड ठेवलं, मासे धरायच्या सापळ्याला असतं तसं. बाहेरून रुंद, आत निमुळतं होत थेट वाडीच्या मधोमध उघडणारं. झिंगी चुकून बाहेर राहिली तर आत येईल, आत आली की बाहेर जाणार नाही. दुसऱ्या प्रकारचं तोंड त्याच्या बापाने त्याला शिकवलंच नव्हतं. मांजरीसाठी घातलेला हा मांडव पाहायला गाव आलं आणि पोटभर हसून गेलं. "उमाजीभाऊ, पंगत कधी हाय?" मुखरूने विचारलं होतं.

आज सकाळी पाहुणा त्या तोंडातून आत आला.

फटीतून उमाजीला तो दिसत होता. जाळ्याच्या कडेकडेने फिरत होता, अगदी माशासारखा. तोंड मधोमध उघडं होतं, पण जाळ्यात सापडलेला जीव मध्ये पाहतच नाही, कडेलाच वाट शोधतो. म्हणून तर लोकांना मासे खायला मिळतात. प्रत्येक फेरीला तो दाराजवळून जाई, आणि त्याचा श्वास उमाजीच्या घोट्यांना लागे. उमाजी स्वतःचा श्वास घेतच नव्हता. जणू दोघांना मिळून एकच पुरणार होता.

तेवढ्यात फोन वाजला.

बिबट्या थांबला. उमाजीने घाईने बटण दाबलं. भाग्यश्रीचा व्हिडिओ कॉल. ती रोज याच वेळी करायची.

"बाबा, झिंगी कुठी हाय?"

"झाडावर," उमाजी पुटपुटला.

"आन तुमी?"

"संडासात."

"इतक्या हळू काऊन बोलून राह्यले? मले झिंगी दाखवा न."

त्याने फोन भिंतीवरून वर धरला.

"बाबा," भाग्यश्री म्हणाली, "हे झिंगी नोहे."

बिबट्याने पुढचे दोन्ही पाय जामाच्या बुंध्यावर टेकवले. वरच्या फांदीवर झिंगी फुगून दुप्पट झाली होती, तरी कोंबडीएवढीच. नखं सालीवर करकरली. तो आवाज ऐकल्यावर उमाजी भीती विसरला, किंवा भीतीच ओरडली असेल.

"प्रेमिलाऽ! खिडकीची दोरी ओढ!"

कोणताही ढिवर जाळं बांधताना एक दोरी ठेवतो. ती ओढली की सगळं मोकळं होतं. तिचं टोक स्वयंपाकघराच्या खिडकीला बांधलेलं होतं, आणि खिडकीत त्याची बायको केव्हाची उभी होती.

"ओढली त झिंगी पळून जाईन न!"

"आधी तो जाईन वं!"

तिने ओढली. जाळं सरसरत खाली आलं. बिबट्याने एक उडी मारली, कुंपणावरून गेला, हापशीजवळून गेला, आणि अंगणवाडीच्या मागच्या बेशरमाच्या झुडपांत दिसेनासा झाला. झिंगी खाली उतरली. चारही दिशा मोकळ्या पाहून तिने थोडा विचार केला आणि स्वयंपाकघरात गेली. उमाजीच्या मुठी दुपट्ट्यावरून सुटेनात. प्रेमिलाने एकेक बोट धरून सोडवलं.

दुपारी वनखात्याची माणसं आली, पंजांच्या ठशांचे फोटो काढले, "सावध राहा" म्हणाली आणि गेली. गाव मात्र वाडीत उभंच राहिलं. अंगणवाडीची सत्यशीलाबाई खाली बसून जाळं चाचपत होती. दोन बोटं घालून ताणत होती.

"उमाजीभाऊ, असंच एक मोठं बनवून द्यान का जी?"

"कायच्यासाठी?"

"लेकरायसाठी."

उमाजीने मुखरूकडे पाहिलं आणि हसण्याची वाट पाहिली. मुखरूने नातीला उचलून खांद्यावर घेतलं. कोणीच हसलं नाही.

"बनवतो," उमाजी म्हणाला. "तोंड कोन्या बाजूनं ठेवू?"

सत्यशीलाबाईने बेशरमाच्या झुडपांकडे पाहिलं. वारा नव्हता, तरी पानं हलत होती.

"तोंड ठेवूच नका भाऊ," ती म्हणाली. "लेकरायले आमी वरून उतरवू."